पाहुण्याची खाट

१

उन्हाळ्यात पांढरकवड्याला घरात झोपतो तो एक तर आजारी किंवा नवी नवरी. बाकी सगळं गाव अंगणात. होळी झाली की आमच्याही अंगणात चार खाटा निघत. एक माझी, एक माझ्या बायकोची, बसंतीची, एक याडीची आणि एक पाहुण्याची. याडी म्हणजे आई. घरात आम्ही आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत असू, पण ते तसंच लिहिलं तर निम्म्या वाचकांना कळायचं नाही, म्हणून इथे सगळे मराठीत बोलतील.

पाहुण्याची खाट ही आमच्या घरची जुनी रीत. आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडत. रात्री उशिरा कुणी दमूनभागून मुक्कामाला पोचला तर त्याला उठवून नाव-गाव विचारायचं नाही. झोपू द्यायचं, सकाळी विचारायचं. बैल गेले, तांडा एका जागी बसला, मी नेमसिंगचा नेमसिंग मास्तर होऊन गावात घर केलं, तरी याडी रोज चौथी खाट टाकायला लावी. पायथ्याशी चादर, उशाशी पाण्याचा तांब्या.

गेल्या दीड वर्षात त्या खाटेचा मालक ठरलेला होता, फक्त त्याचं नाव कुणी घेत नसे. माझा धाकटा भाऊ भावसिंग ट्रक चालवायचा. कापसाच्या गाठी घेऊन हैदराबादकडे निघाला तो परत आला नाही. ट्रक आदिलाबादच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभा सापडला. गाठी शाबूत होत्या आणि किल्ली जागच्या जागी लटकत होती. माणूस तेवढा नव्हता.

सुरुवातीला मी ठाणी, दवाखाने, धाबे सगळं पालथं घातलं. मग एके दिवशी मला काही वाटेनासं झालं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो ना, तसा मी सबंध बधिर झालो. शिकवत होतो, जेवत होतो, कुणी थट्टा केली तर हसतही होतो. लोक म्हणायचे, मास्तर सावरले. मीही म्हणायचो, हो, सावरलो.

याडीने मात्र आशा सोडली नव्हती. ती त्या खाटेवर जगत होती म्हटलं तरी चालेल.

२

दुर्बीण भावसिंग होता तेव्हाची. काचेचा आरसा मी घासला, बाकीचं निजामुद्दीन मिस्त्रीने केलं. हमरस्त्यावर त्याचं गॅरेज होतं. भावसिंगचा ट्रक तिथे दुरुस्तीला जाई, त्यातून आमची दोस्ती झाली. काच घासायला त्याने इंजिनाच्या व्हॉल्व्हला लावायची पेस्ट दिली, पत्र्याची नळी वळवून दिली, आणि नळी फिरावी म्हणून खाली ट्रकच्या चाकाचं बेअरिंग बसवलं. अंगणाच्या कोपऱ्यातल्या दगडी ओट्यावर ते धूड उभं होतं. गावातले लोक त्याला तोफ म्हणत आणि मास्तर कुणावर डागणार म्हणून विचारत.

माझं काम साधं होतं. आपल्या आकाशगंगेच्या पलीकडे, कल्पना करू नये इतक्या लांब, दुसऱ्या दीर्घिका आहेत. दुर्बिणीतून त्या पुसट डागासारख्या दिसतात, काचेवर श्वास सोडल्यासारख्या. त्यांतला एखादा तारा फुटला तर डागाजवळ एक ठिपका जास्त दिसतो. म्हणून जेवणं आटोपली की रोज तेच डाग पाहायचे, शेजारच्या ताऱ्यांची मांडणी पाठ करायची, आणि कालच्यापेक्षा काही जास्त आहे का एवढंच बघायचं. बधिर माणसाला याहून बरं काम सापडणार नाही.

त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागत. आधी कंदील विझवून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची. तेवढा वेळ मी ओट्यावर बसून अंगण बघत असे. खाटा, बसायला टाकलेली जुनी तुळई, कडुनिंबाचं खोड, पाण्याचा रांजण. आकाशाचा तुकडा पाठ होता तसंच अंगणही पाठ झालं होतं. दुसरी गोष्ट नजरेची. अंधुक वस्तूकडे सरळ पाहिलं की ती दिसत नाही. थोडं बाजूला पाहायचं, मग ती डोळ्याच्या कडेला उमटते. यात जादू काही नाही, डोळ्याची घडणच तशी आहे. मॅट्रिकच्या वर्गाला मी हे दरवर्षी सांगे आणि पोरं दरवर्षी एकमेकांकडे तिरपं बघून खिदळत.

याडीला हे शिकवायची गरज नव्हती. नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं की म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय, कडा तेवढ्या शाबूत आहेत. तेव्हापासून ती कुणाशी बोलायची झाली की मान वळवून भलतीकडे बघायची. नवख्या माणसाला वाटे, म्हातारी रुसली.

३

एकसष्टचा मे महिना होता. शाळेला सुट्टी. वारा दिवसभर तापून संध्याकाळी मेल्यासारखा पडलेला.

कन्या राशीत एक लांबट डाग आहे, तो त्या दिवशी मी नेहमीसारखा शोधला. शेजारी तीन ताऱ्यांचा वाकडा त्रिकोण, खाली एक एकटा तारा. हे सगळं जागच्या जागी होतं. आणि डागाच्या कडेला एक ठिपका होता, जो काल नव्हता.

अशा वेळी आधी स्वतःवर संशय घ्यायचा. नळीला हलकेच धक्का दिला. ठिपका भिंगातला किंवा डोळ्यातला असता तर तो तिथेच राहिला असता आणि आकाश सरकलं असतं. ठिपका डागाबरोबर सरकला. भिंग फिरवून पाहिलं, तरी तो तिथेच. नकाशा काढून पाहिला, त्यात तो नव्हता. म्हणजे कुठेतरी एक तारा फुटला होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी वाट पाहिली, पण आनंद काही आला नाही.

डोळे शिणले म्हणून मी मान वर केली आणि कडुनिंबाकडे पाहत बसलो. बसंती आणि याडी झोपल्या होत्या. माझी खाट रिकामी. निंबाच्या डाव्या बाजूला पाहुण्याची खाट, आणि तिच्यावर कुणीतरी डोक्यापासून पायापर्यंत चादर घेऊन झोपलं होतं.

मी खाटेकडे पाहिलं. खाट रिकामी होती आणि चादर पायथ्याशी घडी घातलेली.

पुन्हा निंबाकडे पाहिलं. डोळ्याच्या कडेला तो होता.

मी मनाशी म्हटलं, मास्तर, झोपा आता. अर्धा प्रहर एका डोळ्याने अंधार बघितल्यावर माणसाला काहीही दिसतं. झोपायला गेलो तेव्हा मात्र मी त्या खाटेला वळसा घालून गेलो, आणि का घातला ते स्वतःला विचारलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी ठिपका होता. झोपलेलाही होता.

सकाळी मी सहज विचारल्यासारखं केलं की रात्री कुणी आलं होतं का. याडी भाकरी थापत होती. तिने मान वळवून चुलीकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे पाहिलं, आणि असेल कुणी घाटंजीच्या बाजाराला जाणारा, पहाटेच उठून गेला असेल, म्हणाली. बसंतीने तांब्याची तक्रार केली. रोज भरून ठेवते आणि रोज सकाळी अर्धा असतो, मांजर तोंड घालत असणार. मी म्हटलं, मे महिना आहे, विहिरी आटतात तिथे तांब्याचं काय. हे मी शिक्षकी थाटात म्हटलं, त्यामुळे तिने वाद घातला नाही.

पण मला ते सोडवेना. नळीला धक्का देऊन पाहतात तसं इथेही करता येईल असं मनात आलं. दुपारी मी पाहुण्याची खाट निंबाखालून उचलली आणि पार पलीकडे भिंतीला लावली. हिशेब सरळ होता. तो माझ्या डोळ्यातला असेल तर निंबाच्या डावीकडेच दिसेल. खाटेवरचा असेल तर खाटेबरोबर जाईल.

रात्री कंदील विझवला. निंबाच्या डावीकडे काही नव्हतं, नुसती जमीन. मी सुटकेचा श्वास सोडला, आणि भिंतीच्या थोडं वर, पत्र्याच्या कडेकडे पाहिलं.

तो भिंतीजवळच्या खाटेवर होता. आता चादर गुडघ्याशी उंच झाली होती.

वाटायला हवी होती ती भीती. पण भीतीसुद्धा लांबून कुणी हाक मारावी तशी आली, कुणाला मारली ते कळू नये अशी. मी दुर्बिणीला डोळा लावला आणि ठिपका पाहत बसलो.

५

एका माणसाने पाहिलेलं पाहिलेलं धरत नाहीत. आकाशाच्या कामात हा पहिला कायदा. दुसऱ्या डोळ्याने पाहावं लागतं, आणि त्या दुसऱ्याला आधी काही सांगायचं नसतं. सांगितलं की माणूस सांगितलेलंच बघतो.

म्हणून मी निजामुद्दीनला बोलावलं. नवीन ठिपक्याबद्दल बोललो नाही. त्याच्या हातात शाळेची पाटी आणि खडू दिला, जे दिसेल ते काढ म्हणालो. डोळे सरावायला त्याला ओट्यावर बसवलं. त्याला विडीची तलफ आली, ती मी ओढू दिली नाही, म्हणून तो माझ्या विद्येच्या नावाने बराच वेळ कुरकुरत अंगणाकडे बघत राहिला. मग त्याने नळीला डोळा लावला. कापसाचं बोंड दिसते, म्हणाला. मी म्हटलं, बोंडाकडे बघू नको, थोडं बाजूला बघ. त्याने बराच वेळ घेतला. पाटीवर वाकडा त्रिकोण आला, खालचा एकटा तारा आला, बोंड आलं. बोंडाच्या कडेला त्याने खडू टेकवला आणि एक ठिपका काढला. बरोबर त्याच जागी.

झालं. माझ्या खांद्यावरचं ओझं उतरायला हवं होतं. मी पाटी जपून बाजूला ठेवत होतो, तेवढ्यात निजामुद्दीन हात झटकत आकाशाकडे बघत म्हणाला,

"भावसिंग कधी आला, मास्तर? सांगतलं नाई तुमी."

मी त्याला काही विचारलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं.

"तोच आहे ना भिताडापाशी? पायाचा अंगठा खाटीच्या दोरीत अडकवून झोपला. भरल्या ट्रकवर असाच झोपे गडी. म्या किती खेपा सांगतलं, एखाद दिवशी तंगडी तुटन."

अंगठा मला दिसला नव्हता. त्याला दिसला होता. तो हसत ओट्यावरून उतरला, भावसिंगला उठवायला भिंतीकडे निघाला, आणि खाटेकडे सरळ पाहत चार पावलं गेल्यावर थांबला. तिथे तो बराच वेळ उभा होता. मग खाली वाकून त्याने चादरीची घडी हाताने चाचपली आणि हात सदऱ्याला पुसला.

परत आला तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता.

"म्या काही पायलं नाई," तो म्हणाला. "समजलं ना, मास्तर? काही पायलं नाई म्या."

तो गेला, तो पुन्हा आमच्या अंगणात आला नाही. पण पाहिलेलं असं मागे घेता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाऊन दक्षिणेतल्या एका वेधशाळेला तार केली. तिथल्या एका गृहस्थांशी माझी ओळख होती. दिशा, जागा, तेज, सगळं कळवलं. अंगणातल्या गोष्टीसाठी कुठे तार करायची ते मला माहीत नव्हतं.

६

संध्याकाळी याडी तुळईवर बसली होती. बसंती भांडी घासत होती. याडीने रांजणाकडे पाहत मला विचारलं की तुला नवीन तारा दिसला म्हणतात, खरं का.

मी तिला समजावून सांगितलं. सवयच लागलेली. म्हटलं, तो नवा नसतो. तो तिथे पहिल्यापासून असतो, पण इतका लांब की कुणाला दिसत नाही, त्याचं नावही कुणाला ठाऊक नसतं. मरतो तेव्हा एकदाच असा भडकतो, आणि मग दिसतो. तोही लगेच नाही. त्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचायला युगं लागतात. आपल्याला दिसतो तेव्हा तो संपून फार काळ झालेला असतो.

बोलता बोलता मला कळलं की मी काय बोलतोय. पण वाक्य पुरं झालं होतं.

बसंतीच्या हातातलं भांडं थांबलं. मग याडी अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मले तं भावसिंग रोज दिसते. होळीपासून."

मी विचारलं, बोलतो का.

"बोलत नाई. झोपते. लेकरू थकलं असन. म्या उठवलं नाई, म्हटलं सकाळी इचारू. सकाळी नसते." तिने मान आणखी वळवली, पार पाठ होईपर्यंत. "तू म्हणतं तसं असन, तं मंग तो दिसलाच नसता तं बरं होतं रे."

मला तिच्याजवळ जाऊन बसायचं होतं. मी गेलो नाही. हात-पाय माझेच होते, पण ते मी सांगितल्यावाचून हलत नसत, आणि सांगायला आत कुणी नव्हतं. बसंतीने हात धुतले आणि तीच जाऊन बसली.

तरी याडीने त्या रात्री खाट टाकायला लावली. तांब्या स्वतः भरला. दिसतं त्याचा मी लावलेला अर्थ तिने अजून मानला नव्हता. दुसऱ्या कुणी येऊन तो सांगेपर्यंत ती मानणारही नव्हती.

७

दोन-चार दिवसांनी भर दुपारी तारवाला आला. सायकलची घंटी वाजली, त्याने दारातून ‘मास्तर, तार’ म्हटलं, आणि मी सही करेपर्यंत घरातून याडीचा आवाज आला.

हे मला सुचायला हवं होतं. वेधशाळेला तार करताना परतीची तार घरीच येणार, एवढं तरी. आमच्याकडे, आणि आमच्याकडेच कशाला, सगळ्या जिल्ह्यात तार एकाच कामाने येते. ती फोडून वाचावी लागत नाही. दारात तारवाला दिसला की बाया आधी रडायला बसतात आणि कोण गेलं ते मग विचारतात.

याडी अंगणात बसून हेल काढून रडत होती. दीड वर्षाचं रडं होतं ते. शेजारपाजारच्या बाया धावल्या. त्यांतल्या सुखीबाईने आमची चूल विझवली, मेलेल्याच्या घरात विझवतात तशी. मी तार फोडली. ठिपका खरा होता. तो आणखी एका ठिकाणाहूनही दिसला होता, जागा तीच होती, माझं अभिनंदन केलं होतं. मी हे मोठ्याने सांगितलं. म्हटलं, ही भावसिंगची नाही, ही आकाशातली आहे. बायांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. शेजारचे पुंडलिकराव कचेरीत कारकून होते, इंग्रजी वाचणारे. त्यांनी तार हातात घेतली, ओठ हलवत वाचली, चष्मा पुसला.

"कन्फर्म आहे म्हणते," ते म्हणाले.

पक्की खबर आहे, असं मग एकीने दुसरीला सांगितलं. मी पुन्हा सांगितलं की तुमचं चुकतंय. तिसऱ्यांदा सांगायला जीभ वळेना. काय सांगणार होतो? भावसिंग जिवंत आहे असं? मी पाहिलं होतं, निजामुद्दीनने पाहिलं होतं, याडीने पाहिलं होतं. दोन डोळ्यांचा कायदा माझाच होता.

मी निंबाला टेकून उभा राहिलो. संध्याकाळी कुणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी आली. ती आणणारीने बसंतीला विचारलं की मास्तर कुठे आहेत, दिसले नाहीत. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. सावलीत होतो, गर्दी होती, तिचे डोळे रडून सुजले होते. बसंतीने इकडेतिकडे पाहिलं आणि असतील इथेच म्हणाली.

अंधार पडायच्या आत याडीने पाहुण्याची खाट उचलायला लावली. दोघा गड्यांनी ती गोठ्यामागे नेऊन उलटी टाकली. तांब्या याडीने स्वतः रिकामा केला. त्यातलं पाणी तिने निंबाच्या मुळाशी घातलं आणि बोटं पदराला पुसली.

८

बाया गेल्यावर अंगणात तीन खाटा उरल्या. याडी रडून थकली होती, पडल्या पडल्या तिला झोप लागली. बसंतीलाही. मी ओट्यावर गेलो. मेलेल्याच्या घरात दुर्बिणीला हात लावू नये असं कुणी म्हणालं असतं, पण कुणी काही म्हणालं नाही.

ठिपका अजून होता, थोडा उतरलेला. मी त्याचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिलं. मग डोळे विसावायला रांजणाकडे पाहत बसलो. भिंतीपाशी आता खाट नव्हती. तिथे काही दिसायचं कारण नव्हतं, आणि काही दिसलंही नाही. गेला, असं मी मनात म्हटलं. याडीने त्याला जाऊ दिलं, तो गेला. किती महिन्यांनी मला बरं वाटल्यासारखं झालं. अंगावरची एखादी जागा जागी व्हावी आणि तिथे मुंग्या याव्यात, तेवढंच.

मी उठणार होतो. माझी खाट बसंतीच्या शेजारी होती. नजर अजून रांजणावर होती, म्हणून ती डोळ्याच्या कडेला आली.

खाटेवर कुणीतरी झोपलं होतं.

त्याचा अंगठा दोरीत अडकवलेला नव्हता. पाय सरळ होते, आणि उजवा हात कपाळावर आडवा टाकलेला. भावसिंग तसा झोपत नसे. तसा मी झोपतो.

मी खाटेकडे सरळ पाहिलं. ती रिकामी दिसायला हवी होती.

तो तिथेच होता.

त्याच वेळी याडी उठून बसली. तिने मान वळवून निंबाकडे पाहिलं, म्हणजे ओट्याकडे पाहिलं, आणि झोपेतल्या आवाजात विचारलं,

"बसंती, ओट्यावर कोन बसलं आहे वो?"

बसंती डोळे न उघडता वळली. तिने हात लांब केला आणि शेजारच्या खाटेवर ठेवला. हात कशावर तरी टेकला. हवेत असा टेकत नाही.

"कोनी नाई, सासूबाई," ती म्हणाली. "हे तं इथं झोपले आहेत."

"मंग पाहुना असन," याडी म्हणाली. "राहू दे. उठवू नको. सकाळी इचारू."

आणि ती आडवी झाली.

मला ओरडायचं होतं, याडी, मी नेम. आता भीती आली होती, खरी, सबंध, दीड वर्षाची साठलेली, आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळंही आलं. भावसिंग आला, त्याचं हसणं आलं, याडीचे ते डोळे आले. पण ओरडून उपयोग नव्हता. एकाने म्हटलेलं धरत नाहीत. मी नेमसिंग आहे हे दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं, न सांगता, स्वतःच्या डोळ्याने पाहून. मी ओट्यावर बसून राहिलो. पाहुणा सकाळी नसतो, हे मला माहीत होतं.

कोंबडे आरवले. पूर्वेला पांढरं झालं, एकेक तारा बुजला. हमरस्त्यावर पहिला ट्रक गेला. मी उतरलो, अंगण ओलांडलं आणि बसंतीच्या खाटेपाशी जाऊन उभा राहिलो, तिची पहिली नजर माझ्यावर पडावी म्हणून. शेजारच्या खाटेकडे मी पाहिलं नाही. तिथून कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, संथ, भरल्या झोपेतला.

बसंतीने कूस बदलली. डोळे चोळले, उघडले. मी अगदी तिच्यासमोर होतो. तिच्या कपाळाला आठी पडली, अंधुक काही दिसल्यावर पडते तशी. मग तिने मान किंचित वळवली आणि माझ्या थोडं बाजूला पाहिलं.